उपजिल्हा रुग्णालयातील बाळदम्याची सेवा : दोन वर्षांच्या अनुभवावरून परीक्षण

पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या पट्ट्यात, आमच्या गावापासून नऊ किलोमीटरवर, तालुक्याच्या ठिकाणी शंभर खाटांचे सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे. हे परीक्षण त्या संपूर्ण रुग्णालयाचे नाही; दमा असलेल्या लहान मुलांना तेथे जी सेवा मिळते, तेवढ्याचेच आहे. माझी मुलगी आज आठ वर्षांची आहे. गेल्या दोन वर्षांत तिला घेऊन मी तेथील आपत्कालीन कक्षात चार वेळा रात्री-अपरात्री गेले, त्यांपैकी दोन वेळा ती दाखल झाली, आणि आता दर दीड-दोन महिन्यांनी आम्ही बुधवारच्या तपासणीला जातो. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहिल्या आहेत आणि ज्यांच्या अखत्यारीत त्या गोष्टी नाहीत अशा माणसांवर त्या शेकू नयेत असे मला वाटते. धाप लागलेले मूल तालुक्याच्या रुग्णालयात न्यावे की थेट शहर गाठावे, या पेचात असलेल्या पालकांसाठी हे लिहीत आहे.

मुलगी चार वर्षांची झाल्यापासून तिला दर हिवाळ्यात खोकला लागे आणि तो पहाटे तीन-चारच्या सुमारास वाढे. सर्दी छातीत उतरली म्हणून खोकल्याचे औषध, मग अँटिबायोटिक, आणि पोट उडू लागले की जवळच्या दवाखान्यात मशीनची वाफ, असा दोन वर्षे आमचा क्रम होता. तीन निरनिराळ्या खाजगी दवाखान्यांच्या कागदांवर 'ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस', 'व्हीझिंग', 'कफाचा त्रास' असे शब्द आहेत. दमा हा शब्द एकाही कागदावर नाही. डॉक्टरांकडे बोट दाखवताना हेही कबूल केले पाहिजे की आम्हालाही तो शब्द ऐकायचा नव्हता. मुलीच्या नावापुढे दमा लागला तर पुढे स्थळे येताना काय होईल, ही सासूबाईंची भीती आमच्या भागात अगदीच निराधार नाही. परंतु दुखण्याला नाव नाही म्हटल्यावर त्यावर रोज घ्यायचे औषधही नाही, आणि प्रत्येक वेळची धाप ही जणू नव्याने उद्भवलेली, स्वतंत्र घटना ठरते. मुलीची ती दोन वर्षे अशीच गेली.

उपजिल्हा रुग्णालयात आम्ही पहिल्यांदा गेलो ते नोव्हेंबरमध्ये, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होऊन आठवडा झाला असताना. पाचट जाळण्याचे ते दिवस. रात्री धूर खाली बसतो आणि सकाळी अंगणात काजळी दिसते. त्या वेळची सेवा मी चांगली म्हणणार नाही. मुलांच्या कक्षात नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारे मशीन, एकच होता आणि त्यासाठी तीन मुले पाळीने बसली होती. सलाईन लावले, अँटिबायोटिकची इंजेक्शने दिली, श्वासनलिका सैल करणारे, थिओफिलिनच्या गटातले इंजेक्शन दिले, छातीचा एक्स-रे काढला. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना हातात सालब्युटामॉलचे, म्हणजे आकसलेल्या श्वासनलिका मोकळ्या करून धाप बसवणारे, पातळ औषध, अँटिबायोटिकची बाटली आणि 'त्रास झाल्यास दाखवणे' एवढेच लिहिलेले डिस्चार्ज कार्ड मिळाले. कोणी उद्धटपणे वागले नाही, कोणी पैसे मागितले नाहीत, रात्रपाळीच्या सिस्टर तर दर तासाला येऊन पाहून जात होत्या. तरीही जे व्हायचे तेच झाले : पाचव्या आठवड्यात आम्ही त्याच दारात पुन्हा उभे होतो.

मधल्या काळात तेथे नवे बालरोगतज्ज्ञ रुजू झाले होते, आणि बालरुग्ण कक्षाच्या प्रमुख परिचारिकेला त्यांनी सोबतीला घेऊन कामाची पद्धत बदलली होती. इमारत तीच, खाटा त्याच, मनुष्यबळही जवळपास तेवढेच. बदल दिसला तो भिंतीवर चिकटवलेल्या एका मराठी तक्त्यात. मूल एका दमात पूर्ण वाक्य बोलते की दोन-तीनच शब्द, मिनिटाला किती श्वास घेते, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन किती दिसतो, एवढ्या चार गोष्टी पाहून मूल कोणत्या गटात बसते आणि त्याला पहिल्या तासात काय द्यायचे, हे त्यावर लिहिलेले होते. त्या रात्री बालरोगतज्ज्ञ हजर नव्हते. कामावर असलेले डॉक्टर नुकतेच शिक्षण संपवून आलेले दिसत होते. तरीही आत गेल्यापासून पाच मिनिटांत उपचार सुरू झाले, कारण त्यांना फोन करून विचारत बसावे लागले नाही; तक्ता समोर होता. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात मुलांचे तज्ज्ञ चोवीस तास असतात. तालुक्याच्या ठिकाणी ते नसतात आणि लवकर असतीलही असे नाही. म्हणूनच तज्ज्ञाचे ज्ञान रात्री दोन वाजताही भिंतीवर हजर असणे ही मला या सेवेतली सर्वांत मोलाची सुधारणा वाटते.

मुलीचा ऑक्सिजन तेव्हा ८९ होता. नाकावाटे ऑक्सिजन लावला आणि सिस्टरनी नेब्युलायझर न आणता स्पेसर आणला, म्हणजे ज्याच्या एका टोकाला औषधाचा पंप आणि दुसऱ्या टोकाला मास्क बसतो ती प्लास्टिकची नळी. मी वाद घातला. "मशीन लावा, हा पंप नको," असे मी चांगल्याच चढ्या आवाजात म्हणाले, हे आज लिहायला मला संकोच वाटतो. सिस्टर हात न थांबवता म्हणाल्या, "ताई, औषध तेच आहे, फक्त रस्ता जवळचा आहे." एक पफ, मग मुलीचे पाच-सहा श्वास, मग पंप हलवून दुसरा पफ, असे सहा पफ, वीस मिनिटांनी पुन्हा सहा, त्यानंतर वीस मिनिटांनी आणखी सहा. पहिल्या फेरीनंतरच प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या पाण्यात विरघळवून पाजल्या. सलाईन नाही, अँटिबायोटिक नाही. पहाटेपर्यंत ती झोपली होती आणि ऑक्सिजन ९५ वर आला होता.

नंतर मी याविषयी बरेच वाचले. दम्याच्या उपचारांबाबत जगभर मार्गदर्शन करणारी 'जीना' ही संस्था १९९३ पासून काम करते; तिच्या शिफारशीत सहा वर्षांवरील मुलांना पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी चार ते दहा पफ आणि लवकरात लवकर तोंडावाटे स्टेरॉइड, हाच क्रम आहे. नेब्युलायझर आणि स्पेसर यांची तुलना करणाऱ्या अनेक चाचण्यांचा एकत्रित निष्कर्षही असाच आहे की स्पेसरने मुलांना उतार तेवढाच पडतो, आपत्कालीन कक्षातला त्यांचा वेळ वाचतो आणि छातीतली धडधड कमी वाढते. शिवाय स्पेसरला वीज लागत नाही. ज्या तालुक्यात वादळी पावसात रात्रभर वीज जाते, तेथे हा मुद्दा गौण नाही. एका मशीनपुढे पाळी लावून बसलेली ती तीन मुले मला अजून आठवतात. तीन स्पेसर असते तर तिघांनाही एकाच वेळी औषध मिळाले असते.

परंतु या सेवेचा कस मी रात्रीच्या उपचारांवर लावणार नाही. दम्याची धाप बसवणे तुलनेने सोपे आहे. ती पुढच्या महिन्यात पुन्हा लागू नये हे अवघड आहे, आणि त्याचे काम घरी सोडण्याच्या आदल्या अर्ध्या तासात होते. पहिल्या वेळी तो अर्धा तास कोणी दिलाच नव्हता. दुसऱ्या वेळी प्रमुख परिचारिका स्टूल घेऊन खाटेशेजारी बसल्या आणि त्यांनी मला काहीही न सांगता आधी पंप माझ्याच हातात दिला : "तुम्ही घरी कसा द्याल ते दाखवा." मी तो न हलवता लावला, मास्क नाकावर तिरका धरला आणि लागोपाठ दोनदा दाबला. तिन्ही चुका. त्यांनी स्वतः करून दाखवले, पुन्हा माझ्याकडून करवून घेतले, मग मुलीच्या वडिलांना बोलावून त्यांच्याकडूनही करवून घेतले. दर महिन्याला स्पेसर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवायचा, आतून घासायचा नाही, फडक्याने पुसायचा नाही, आपोआप वाळू द्यायचा. पुसल्याने प्लास्टिकमध्ये स्थिर वीज निर्माण होते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसते. धाप लागू नये म्हणून रोज घ्यायच्या स्टेरॉइडच्या पंपात दोनशे मात्रा असतात. सकाळी एक, रात्री एक म्हणजे शंभर दिवस, म्हणून सुरू केल्याची तारीख पंपावरच लिहायची. तो रिकामा झाला का हे पाण्यात टाकून तरंगतो की बुडतो यावर ठरवू नये, कारण त्यावरून काही कळत नाही. आमच्या शेजारी तसे करतात, आणि मीही तेच करणार होते.

याच बैठकीत दमा हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. "हा बाळदमा आहे. बऱ्याच मुलांचा वयाबरोबर कमी होतो, काहींचा राहतो, पण औषध नियमित असेल तर ती शाळेत पळेल, खो-खो खेळेल," असे डॉक्टरांनी सरळ सांगितले. सासूबाई सोबत होत्या. त्यांचा आक्षेप दोन गोष्टींवर होता : पंपाची सवय लागते आणि स्टेरॉइडने मुलीची वाढ खुंटते. पहिल्याचे उत्तर मला फार पटले. सालब्युटामॉलच्या पातळ औषधाच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, दोन मिलिग्रॅम औषध असते. पंपाच्या एका पफमध्ये शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच्या विसाव्या भागाएवढे. दोन वर्षे आम्ही मुलीला वीसपट औषध पोटातून देत होतो आणि विसाव्या हिश्शाला घाबरत होतो. दुसरा आक्षेप डॉक्टरांनी उडवून लावला नाही, याचे मला विशेष वाटले. श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडने उंचीवर थोडा परिणाम होतो, हे त्यांनी मान्य केले. अमेरिका आणि कॅनडात मुलांना काही वर्षे रोज बुडेसोनाइड हे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड देऊन ती मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला गेला, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार त्यांची अंतिम उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. "पण रात्रभर खोकणारे, जेवण न जाणारे मूलही वाढत नाही, आजी," असे ते म्हणाले. सासूबाईंनी त्यानंतर पंपाला विरोध केला नाही. उलट चूळ भरल्याशिवाय नातीला अंथरुणावर जाऊ देत नाहीत, कारण स्टेरॉइडनंतर चूळ भरली नाही तर तोंडात बुरशी धरते, हे त्यांच्या पक्के लक्षात राहिले आहे.

घरी येताना मिळालेला कागद आजही आमच्या स्वयंपाकघरात लावलेला आहे. हिरव्या भागात रोजचे औषध, पिवळ्या भागात खोकला वाढला तर काय द्यायचे, आणि लाल भागात कोणती लक्षणे दिसली की पफ देत देत १०८ ला फोन करायचा. तो पूर्ण मराठीत आहे आणि मुलीच्या वजनानुसार आकडे हाताने भरलेले आहेत. गेल्या फेब्रुवारीत रात्री एक वाजता त्याच कागदावर बोट ठेवून आम्ही निर्णय घेतला, आणि त्या रात्री रुग्णालयात जावे लागले नाही.

घरातल्या कारणांची चौकशीही तितक्याच बारकाईने झाली. चूल कुठे आहे, गुरे कुठे बांधता, डास घालवायला काय लावता, असे प्रश्न होते. आमच्याकडे गॅस असूनही आंघोळीचे पाणी चुलीवर तापते आणि डासांसाठी रात्री कॉइल जळत असे. बंद खोलीत जळणाऱ्या एका कॉइलमधून पीएम २.५ प्रकारचे जेवढे सूक्ष्म कण बाहेर पडतात, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्याने पडतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले आहे. आम्ही कॉइल बंद करून मच्छरदाणी लावली. पाचट जाळण्याबाबत मात्र सिस्टरनी खोटा धीर दिला नाही. त्या दिवसांत खिडक्या बंद ठेवा आणि रोजचा पंप एकही दिवस चुकवू नका, एवढेच म्हणाल्या. शेजाऱ्याचे शिवार पेटले असताना आईला एवढेच करता येते.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत गंभीर उणीव औषधपुरवठ्याची आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सर्व काही विनामूल्य आहे, आणि आम्हाला खरोखरच कधी एक रुपया द्यावा लागला नाही. केंद्राच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत श्वासावाटे घ्यायची सालब्युटामॉल आणि बुडेसोनाइड ही दोन्ही औषधे आहेत. तरीही दोन वर्षांत तीन वेळा औषध खिडकीवर बुडेसोनाइड नव्हते. सालब्युटामॉल मात्र दर वेळी होते. धाप बसवणारे औषध मिळते आणि धाप लागूच न देणारे संपलेले असते, ही स्थिती मला फार अस्वस्थ करते, कारण आई-वडिलांच्या मनात नेमका तोच चुकीचा धडा ठसतो : आराम देणारे तेच खरे औषध. आम्ही तिन्ही वेळा बाहेरून विकत आणले. आमच्यासोबत रांगेत उभी असलेली, ऊसतोडीच्या टोळीतली बाई विकत आणू शकली असेल असे मला वाटत नाही. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा अंदाज आहे. या दोन आकड्यांमधल्या दरीचे एक टोक औषध खिडकीवरच्या त्या 'संपले आहे' या उत्तराशी जुळलेले आहे, असे मी मानते.

स्पेसरचेही तसेच आहे. आम्हाला मिळाला; नंतरच्या महिन्यात आलेल्या एका कुटुंबाला मिळाला नाही. त्या दिवशी प्रमुख परिचारिकेने पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली घेतली, बुडाला पंपाच्या तोंडाएवढे, घट्ट बसेल असे छिद्र केले आणि बाटलीच्या तोंडातून मुलाला श्वास घ्यायला लावले. ही युक्ती वाटेल तशी शोधलेली नाही. दक्षिण आफ्रिकेतील डॉ. हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये चाचणी करून दाखवून दिले होते की असा बाटलीचा स्पेसर नेहमीच्या स्पेसरइतकेच काम देतो. सिस्टरचे कौतुक करावे तेवढे थोडे, पण स्पेसरसारखी साधी वस्तू शंभर खाटांच्या रुग्णालयात कायम असायला हवी, हेही तेवढ्याच ठामपणे म्हटले पाहिजे.

दुसरी उणीव शाळेशी असलेल्या नात्याची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्यात तपासायच्या आजारांच्या यादीत श्वासनलिका आकुंचन पावण्याचा आजारही आहे. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी होते. आमच्या शाळेत पथक आले ते ऑगस्टमध्ये, मुलगी ठणठणीत असताना, आणि तिच्या कार्डावर काहीही नोंद न होता ती वर्गात परतली. दमा तपासणीच्या दिवशी हजर असतोच असे नाही. रात्री खोकते का, पळताना थांबते का, वाफ घ्यायला कधी नेले होते का, हे तीन प्रश्न पथकाने आईला विचारले असते तर आमची दोन वर्षे वाचली असती. उपजिल्हा रुग्णालयात दाखल होऊन गेलेल्या मुलांची यादी या पथकाकडे जायला काही अडचण असावी असे मला वाटत नाही.

बुधवारच्या तपासणीबद्दल थोडक्यात : नोंदणीची रांग लांब असते, पण आत गेल्यावर घाई होत नाही. दर वेळी पंप घेण्याची पद्धत पुन्हा पाहतात, उंची आणि वजन नोंदवतात. फुंकर मारून मोजायचे पीक फ्लो मीटर आहे. स्पायरोमेट्रीसाठी, म्हणजे फुप्फुसांची क्षमता यंत्रावर मोजण्याच्या तपासणीसाठी, मात्र जिल्ह्याला जावे लागते. केसपेपर दर वेळी नवा निघतो, त्यामुळे जुनी माहिती फक्त आमच्या पिशवीत असते. आणि हे सगळे दोन माणसांवर उभे आहे, याची मला काळजी वाटते. डॉक्टरांची बदली होईल, सिस्टर निवृत्त होतील. तेव्हा भिंतीवरचा तक्ता राहील की रंग देताना निघून जाईल, हे वैद्यकीय अधीक्षकांना मी लेखी विचारले आहे. तक्ता आणि घरी सोडताना द्यायचा कागद कक्षाच्या कायमच्या कामात नोंदवून घ्या, आणि नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक डॉक्टर व परिचारिकेला तो पहिल्याच आठवड्यात शिकवा, अशी विनंतीही त्याच अर्जात केली आहे. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर अजून यायचे आहे.

ज्यांना बुधवारी जायचे असेल त्यांनी नऊपूर्वी नोंदणी खिडकीवर पोहोचावे. घरात असलेले सर्व पंप, रिकामेसुद्धा, स्पेसर, पूर्वीचे सगळे कागद आणि गेल्या महिन्यात मूल किती रात्री खोकून उठले याची कॅलेंडरवर केलेली खूण, एवढे सोबत न्यावे. शक्य असेल तर घरात मुलाला औषध देणारी दुसरी व्यक्तीही बरोबर असावी. सिस्टर तिच्याही हातात पंप देतात.